त्वाल द झ्वी बघायला जाताय? मेंढपाळांपाशी थांबू नका

त्वाल द झ्वी, म्हणजे फ्रान्सच्या झ्वी गावचं छापील सुती कापड, म्हटलं की पांढऱ्या कापडावरचे लालगुलाबी मेंढपाळ आठवतात. व्हर्सायजवळच्या झ्वी-आँ-झोजासच्या संग्रहालयात गेल्यावर कळतं, की हे कापड छापणाऱ्या ओबरकांफच्या कारखान्याचा बहुतेक माल तसला नव्हताच. लाकडी ठशांनी छापलेली रंगीबेरंगी फुलं कितीतरी जास्त, आणि माझं मत विचाराल तर बघण्यासारखीही तीच.

पॅरिसहून आधी व्हर्साय-शांतिए गाठायचं: मोंपारनास स्टेशनहून एन लाइनची लोकल किंवा आरईआर सी ही दुसरी लोकल. तिथे व्ही लाइन पकडून पेती झ्वी-ले लोझला उतरायचं आणि पुढे चालत. जुन्या गाइडबुकांत थेट आरईआर सी लिहिलेली सापडेल, पण डिसेंबर 2023 पासून तो टप्पा व्ही लाइनकडे गेलाय. सोमवारी संग्रहालय बंद. इतर दिवशीही वेळा तपासूनच निघा. व्हर्सायचा राजवाडा त्याच दिवशी उरकायचा मोह मात्र टाळा. राजवाड्यात पायांचे तुकडे पडतात, मग इथे काचेला नाक लावून उभं राहवत नाही.

आणि नाक लावावंच लागतं. फुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक ठिपक्यांची नक्षी दिसेल. ठशात पितळी खिळे ठोकून ती छापत. लालसाठी तुरटी आणि मंजिष्ठाच्या जातीचं मूळ, काळ्यासाठी लोखंडाचं पाणी, निळा बायका कुंचल्याने हाताने भरत. तुरटीने रंग पक्का करायची ही विद्या आपल्याकडची. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छिटांनी फ्रान्सला इतकं वेड लावलं होतं, की तिथल्या रेशीम-लोकरवाल्यांना वाचवायला 1686 मध्ये छापील सुती कापडावर बंदी आली. ती 1759 मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतून आलेल्या तरुण ओबरकांफने बिएव्र नदीकाठी कारखाना थाटला. थानाच्या टोकाला कारखान्याचं नाव, गाव आणि 'पक्का रंग' अशी ग्वाही छापलेली असे. तसा तुकडा दिसला तर सोडू नका.

एकरंगी चित्रांपैकी एकच निवडायचं तर चित्रकार झां-बाप्तिस्त ह्युएने 1783 मध्ये काढलेलं कारखान्याच्या कामांचं. नदीत कापड धुणं, कुटणं, कुरणावर वाळवणं, तांब्याच्या पत्र्याने छपाई, सगळं त्याच कापडावर. शिवाय एका कोपऱ्यात चित्र काढत बसलेला ह्युए स्वतः!

नक्षीच्या छापांची हौस असेल तर पॅरिसमध्ये ओतेल द सांस या जुन्या वाड्यातलं फोर्ने ग्रंथालय गाठा. मेट्रो पाँ मारी. वॉलपेपर, कापडाचे नमुने, जुने कॅटलॉग यांचा तिथे खजिना आहे. मूळ नग हाताळायचे असतील तर आधी लिहून विचारणं बरं.

विकत घ्यायला सँ-तुआँचा जुना बाजार, शनिवार ते सोमवार. अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार पिलमाँच्या चिनी ढंगाच्या फुलांचे छाप म्हणून पुस्तकातून फाडलेली आधुनिक पानंही खपवली जातात. खिशात भिंग ठेवा: रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ते ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रछपाई. तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेल्या छापाभोवती, कडा कापलेल्या नसतील तर, पत्र्याचा दबलेला चौकोन बोटाला लागतो. अठराव्या शतकातला बहुतेक कागद उजेडात धरला की समांतर रेघा दाखवतो. विकणारा कागद हातात देईना, तर पुढच्या दुकानात चला. घेतलात तर गुंडाळू नका, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून केबिन बॅगेत टाका.