तुम्ही विचारलंत म्हणून : दर दोन तासांनी

"बाई, एवढं सगळं झालं, तरी तुम्ही इतक्या शांत कशा?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे की एव्हाना त्याचे उत्तर पाढ्यासारखे पाठ असायला हवे होते. जुने विद्यार्थी विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात, आणि एखाद्या घरी मी सांत्वनाला गेले तर त्या घरची माणसे स्वतःचे दुःख बाजूला ठेवून उलट मलाच विचारतात. मी बहुधा "प्रभूची कृपा" एवढे म्हणून विषय संपवते. हे उत्तर खोटे नाही, पण आळशी आहे, हे मागच्या महिन्यात माझ्या लक्षात आले. माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा अपघातानंतर अंथरुणाला खिळला आहे. तिला भेटायला गेले असताना तिने हेच विचारले, मी तेच दोन शब्द उच्चारले, आणि दारी आलेल्या माणसाला पाणीही न विचारता वाटेला लावावे तसे काहीतरी माझ्या हातून झाले आहे, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसले. म्हणून हे जरा सविस्तर उत्तर.

आमचे गाव वाशीम जिल्ह्यातले, सोयाबीन-तुरीचे. ख्रिस्ती घरे अवघी नऊ. पाळक तालुक्याहून पंधरा दिवसांतून एकदा मोटारसायकलवर येतात आणि टिनाच्या छपराखाली उपासना होते. एरवी आम्हीच ढोलक घेऊन नारायण वामन टिळकांची भजने म्हणतो. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ओवी-अभंगांशी असलेले नाते तोडले नाही, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याला आत हरिपाठच चालला आहे असे वाटते, आणि तसे वाटावे हे मला आवडते.

ऑक्टोबर 2015 मध्ये मळणी चालू असताना, गंजीवरचे सोयाबीन ओढून यंत्रात टाकता टाकता माझे यजमान खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. वय चोपन्न. ना बीपीची तक्रार ठाऊक होती, ना साखरेची. मेंदूतली गुठळी विरघळवणारे एक इंजेक्शन असते आणि ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. मात्र योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत सात तास उलटले होते. पहिल्या दवाखान्यात स्कॅनचे यंत्र बंद होते, आणि ते बंद आहे हे सांगायलाच तिथल्या माणसांनी दोन तास घेतले. त्या दोन तासांचा हिशेब मी पुढे कित्येक महिने मनात मांडत राहिले.

घरी आणल्यावर माणसांची रीघ लागली. कोणी कुठल्याशा गावच्या झाडपाल्याचा पत्ता दिला, कोणी तेल दिले. शेजारच्या काकू उंबऱ्यावर बसून सरळच म्हणाल्या, "काहून वं बाई, तुमचा देव झोपला होता का?" मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो आपल्यातल्याच एका फिरत्या उपदेशकाचा. कोणीतरी त्यांना घेऊन आले होते. त्यांनी यजमानांच्या कपाळावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना मला सांगितले की विश्वास पूर्ण असेल तर चाळीस दिवसांत हा माणूस चालू लागेल. मी कॅलेंडरवर खूण केली. एकेचाळिसाव्या दिवशी मी शाळेत जाऊन चौथीच्या मुलांना भागाकार शिकवला, आणि शिकवताना सबंध वेळ डोक्यात एकच होते की बाकी माझ्या विश्वासाचीच निघाली.

तुम्ही ज्याला माझी शांती म्हणता, ती बहुधा तुम्ही त्याच दिवसांत पाहिली असणार. मी रडत नव्हते, कोणाला दोष देत नव्हते, उपासनेला वेळेवर हजर होते. ती शांती नव्हती. मी गप्प होते, एवढेच. ख्रिस्ती बाईने कुरकुर करू नये, गावात आपल्याकडे सगळ्यांचे डोळे आहेत, आपण ढासळलो तर आपल्या देवाचीच बदनामी होईल, असा एक हट्ट त्यामागे होता. जणू देवाची अब्रू राखण्याचे काम माझ्याकडे सोपवले होते!

आता रात्रींबद्दल सांगते, कारण उत्तर तिथे आहे. दवाखान्यातून सुट्टी देताना तिथल्या सिस्टरने मला एक गोष्ट तीन वेळा बजावली होती: दर दोन तासांनी कूस बदला. पडून असलेल्या माणसाचे वजन एकाच जागी राहिले की तिथला रक्तपुरवठा तुटतो, कातडी मरते आणि जखम होते. एकदा झाली की ती भरता भरत नाही. दिवसा माझ्या नणंदबाई पाहायच्या, रात्र माझी. मोबाईलवर दहा, बारा, दोन आणि चारचा गजर. अंगाखाली दुहेरी घडी केलेले लुगडे घातलेले असे. त्याची कड दोन्ही मुठींत धरायची, गुडघा खाटेच्या पाटीला टेकवायचा आणि श्वास सोडता सोडता स्वतःकडे ओढायचे. मग पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच अधांतरी राहील अशी खाली गुंडाळी. त्यांचा डावा हात चांगला होता. कूस वळली की तो हात माझ्या मनगटावर दोनदा थोपटायचा. बोलता येत नव्हते, तेवढेच त्यांचे बोलणे.

मार्च 2016 मधली ती रात्र. शाळेत परीक्षेचे दिवस होते, दिवसभर पेपर तपासले होते, आणि मी दोनचा गजर बंद करून पुन्हा आडवी झाले ती थेट सकाळी सहाला उठले. दोनची कूस गेली, चारचीही गेली. अंग पुसताना माकडहाडापाशी रुपयाएवढा लालभडक डाग दिसला, आणि चार दिवसांत तिथली कातडी सुटली. त्यांना दुखत असणार. त्यांनी रात्री मला हाक मारायचा प्रयत्न केला असेल का, हा विचार माझ्या मनातून जाईना, कारण हाक मारायला त्यांच्याकडे आवाजच नव्हता.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा देवाशी भांडले. गोठ्यात, शेणाचे टोपले हातात असताना, मोठ्याने. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मी आधीही वाचले होते, पण वाचून पुढे गेले होते. दीडशे स्तोत्रांत हे एक असे आहे की ते शेवटपर्यंत उजेडाकडे वळतच नाही. रात्रंदिवस आक्रोश करणारा माणूस देवाला जाब विचारतो आणि अंधारातच थांबतो. कोणीतरी, कधीतरी, हे स्तोत्र पवित्र शास्त्रात राहू दिले. देवाची अब्रू राखायची असती तर पहिल्यांदा हेच पान फाडले असते. ते फाडलेले नाही, याचा मला गोठ्यात उभ्या उभ्या आधार वाटला.

पुढचा गुरुवार उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदला, 24 मार्च. त्या वर्षी त्याच दिवशी धुळवड होती. पाळक संध्याकाळी आले ते सदऱ्यावर गुलाबी-हिरवे डाग घेऊन. वाटेतल्या पोरांनी त्यांना सोडले नव्हते. छपराखाली आम्ही पंधरा-वीस जण होतो. त्यांनी गेथशेमाने बागेचा, येशू पकडला गेला त्या रात्रीचा, भाग वाचला. हा भाग मी लहानपणापासून ऐकत आले आहे: येशू पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जागे राहायला सांगतो, थोडे पुढे जाऊन प्रार्थना करतो, हा प्याला माझ्यापासून टळो असे म्हणतो, आणि परत येऊन पाहतो तर तिघेही झोपलेले. तुम्हांला एक तासही जागे राहता आले नाही का, असे तो विचारतो. हे असे तीन वेळा घडते. त्या संध्याकाळी तो प्रश्न मलाच विचारला जात होता, आणि मान वर करण्याची माझी हिंमत नव्हती. पण पाळकांनी पुढचेही वाचले. येशू त्याच श्वासात म्हणतो की आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. आणि शेवटी तो त्या झोपाळूंना सोडून जात नाही. उठा, आपण जाऊ, असे म्हणतो. येशूचे चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी लूक तर एक शब्द जास्तीचा देतो. ते दुःखामुळे झोपले होते, असे तो लिहितो. लूक वैद्य होता, असे बायबलमधल्या पौलाच्या पत्रावरून कळते. रात्र-रात्र रोग्याजवळ बसणाऱ्यांचे डोळे कसे मिटतात, हे त्याने पाहिले असावे. हा माझा तर्क, शास्त्रात लिहिलेला नाही.

मी त्या वेळी काहीही बोलले नाही. भजन सुरू झाले तेव्हा आवाज फुटला नाही, एवढेच. पण घरी येऊन दहाची कूस बदलली, आणि त्यानंतर बारा वाजेपर्यंत मला झोप लागली. साडेपाच महिन्यांत प्रथमच ती झोप भीतीची नव्हती. तुम्ही शांतीबद्दल विचारता ना, ती ही. यजमान बरे होतील असे आश्वासन मला मिळाले नाही, आणि असे का झाले याचे उत्तर तर मला आजही ठाऊक नाही. मात्र जो स्वतः त्या रात्री एकटा पडला होता, त्याने झोपलेल्यांना समजून घेतले होते, आणि त्या झोपलेल्यांत माझी जागा होती. मी तुम्हांला आपली शांती देतो, जग देते तशी नव्हे, हे शब्दही त्याने त्याच रात्री, पकडले जाण्याच्या थोडे आधी काढले होते. सुखवस्तू माणसाने दिलेला तो उपदेश नव्हता.

यामुळेच, श्रद्धा असेल तर संकट टळते असे सांगणाऱ्यांपासून मी आता दूर राहते. 1845 साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय तिथे आजही आहे, ते 1863 मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात बुडून वारले. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. आईने बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तशा अवस्थेतही सोडले नाही आणि पुढच्याच वर्षी स्वतः गेली. यांच्या श्रद्धेत काय कमी होते?

एक गोष्ट मात्र त्या गुरुवारनंतर बदलली. मी मदत मागितली. सगळे मीच करायचे, हाही त्या अब्रूच्याच हट्टाचा भाग होता. झोपाळू म्हणून एकदा पकडली गेल्यावर तो धरून ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. मी शेजारच्या काकूंना जखमेची गोष्ट सांगितली. काकूंची वाकळ त्याच रात्री आमच्या ओसरीत आली. "चारची पाळी माही," त्या म्हणाल्या, "तुमचा देव झोपला तं झोपू द्या, मी जागी राहतो." त्यांची श्रद्धा निराळी आहे आणि ती निराळीच राहिली. पण त्या पहाटे चारला लुगड्याची कड धरून वाकलेल्या मला दिसल्या, तेव्हा देव झोपला होता का या त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर त्या स्वतः देत आहेत, असे माझ्या मनात आले. हे मी त्यांना सांगितले नाही. त्या हसल्या असत्या. जखम पावसाळा लागता लागता भरून आली.

यजमान फेब्रुवारी 2018 मध्ये गेले. त्याच महिन्यात आमच्या भागात गारपीट झाली आणि घाटे भरलेला हरभरा मातीला मिळाला. दफनाहून परत येताना धुऱ्यावरून मी ते शेत पाहिले. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या तीन अध्यायांच्या छोट्या पुस्तकाच्या अखेरीस असेच एक उजाड रान आहे: अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरीही मी परमेश्वराठायी हर्ष करीन, असे तो म्हणतो. मला त्या दिवशी हर्ष झाला नाही. हबक्कूकाइतकी मजल मी मारलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मला रडू आले, आणि ते मी चारचौघांत येऊ दिले.

माझ्या विद्यार्थिनीकडे परवा पुन्हा गेले होते. या वेळी मी कृपेचे नाव काढले नाही; तिला लुगड्याची घडी कशी घालायची आणि टाचेखाली गुंडाळी कुठे ठेवायची ते दाखवले, आणि दोनची पाळी कोण करते ते विचारले. तीच करते, म्हणाली. तिच्या सासूबाईंना मी बाजूला बसवून घेतले.

मी अजूनही रात्री दोनला जागी होते. गजर केव्हाच काढून टाकला आहे, तरी जाग येते. हात पलीकडच्या खाटेकडे जातो, तिथे आता धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. मी मनगटावर स्वतःच दोनदा थोपटते, कूस बदलते आणि झोपते.