जावक क्रमांकाचं पत्र : सोलापूरच्या बी.एड.वरून इंग्लंडची शिक्षक-मान्यता

इंग्लंडमधल्या शाळेत पूर्ण पगाराचा शिक्षक व्हायचं तर ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’ सहसा लागतं. सगळे त्याला क्यूटीएस म्हणतात. ते मला सोलापुरात बसून मिळालं, हे कळल्यापासून बी.एड.च्या बॅचमधल्या मुलींचे फोन चालू आहेत. प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच, “एजंट कोण होता गं?”

एजंट नव्हता. अर्जाला फी नाही. अर्ज इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर आपणच भरायचा असतो. हे सांगितलं की समोरची गप्प होते, मग म्हणते, “पण आम्हाला तर अडीच लाख सांगितलेत.” ते अडीच लाख कशाचे, हे मलाही एका ऑफिसात सांगण्यात आलं होतं. फाइल तयार करण्याचे. फाइल म्हणजे आपलेच कागद, आपणच गोळा केलेले, त्यांनी स्कॅन केलेले.

मी बी.एस्सी. फिजिक्स, मग दोन वर्षांचं बी.एड. २०२२ साली पास झाले आणि जूनपासून एका स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायला लागले. पगार महिना बारा हजार. शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून अनुदानित शाळा मिळाली असती तरी माध्यमिकला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून अठरा हजार मानधन, आणि तेही जागा निघाल्या तर. वडील यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितात, घरात धाकटा भाऊ. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की मी कुठल्या मोठ्या ध्येयानं गेले असं कुणाला वाटू नये. शेजारचे काका म्हणाले, “कोटणीस गेले चीनला, तू चालली इंग्लंडला.” आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीन-जपान युद्धातल्या जखमींची सेवा करायला गेले होते. मी पगारासाठी चालले होते. फरक मला कळतो, काकांनाही कळत होता, पण त्यांना हौस होती.

आता मुद्द्याचं. १ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडनं ही मान्यता भारतातल्या शिक्षकांना खुली केली. त्याआधी ही सोय युरोप, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशांपुरती होती. भारताबरोबर घाना, नायजेरिया, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका, जमैका, सिंगापूर, हाँगकाँग, युक्रेन हेही आले. पण आपल्यासाठी दार अर्धंच उघडलंय. गणित, विज्ञान किंवा भाषा, आणि तेही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता असेल तर. माझी एक मैत्रीण डी.एड. करून प्राथमिकला आहे, दुसरी इतिहासाची बी.एड. दोघींना हा रस्ता नाही, आणि कुठलाही एजंट तो काढून देऊ शकत नाही. हे फक्त इंग्लंडचं. स्कॉटलंडची नोंदणी वेगळी असते.

नुकत्याच पास झालेल्यांसाठी खरी अट पुढची आहे : किमान एका शैक्षणिक वर्षाचा शिकवण्याचा अनुभव. निकाल लागला आणि लगेच अर्ज टाकला, असं होत नाही. बी.एड.ची इंटर्नशिप हा अनुभव म्हणून धरू नका. मी पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर, २०२३च्या उन्हाळ्यात अर्ज उघडला. ते बारा हजारांचं वर्ष पुढं फार उपयोगी पडलं, कारण मुलाखतीत वर्गातले प्रसंग विचारतात आणि ते पुस्तकातून आणता येत नाहीत.

अर्ज भरायला वेळ लागत नाही. वेळ लागतो कागदांना. पदवी, बी.एड.चं प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पासपोर्ट. गुणपत्रिकेवर आमच्या विद्यापीठात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि खाली आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिकडच्या माणसाला ही एकच बाई आहे हे कळावं म्हणून मी साध्या कागदावर खुलासा लिहून जोडला. चालला. विद्यापीठाचं नाव २०१९ साली बदललं, म्हणजे माझी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका ‘सोलापूर विद्यापीठ’ आणि पदवी ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’. त्याचाही खुलासा त्याच कागदावर.

इंग्रजीचा पुरावा हवा होता. बी.एस्सी. इंग्रजीतून झालेलं, पण बी.एड. मराठी माध्यमातून. सगळं शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं पत्र मला मिळणार नव्हतं आणि मागायचंही नव्हतं. म्हणून परीक्षा. साधी आयईएलटीएस नव्हे, ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याला चालणारी. दोन्हींतला पेपर सारखाच, पण व्हिसासाठी दुसरीच धरतात, तेव्हा एकाच परीक्षेत दोन्ही कामं होतात. बी-टू पातळी लागते, म्हणजे चारही भागांत किमान साडेपाच. मी सेमी इंग्रजीची मुलगी. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठी. वाचणं-लिहिणं जमतं, तोंड उघडत नाही. मी रोज शाळेतून आल्यावर दुसऱ्या दिवशीचा तास मोबाइलवर इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करायचे. घर्षण, प्रकाशाचं अपवर्तन, जे काही असेल ते. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “कुणाशी भांडतीयस?” परीक्षा पुण्यात दिली, हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन.

आणि मग ते पत्र.

इंग्लंडला पुरावा हवा असतो की तुम्ही तुमच्या देशात मान्यताप्राप्त शिक्षक आहात आणि तुमच्यावर कसलीही कारवाई किंवा निर्बंध नाहीत. तिकडे शिक्षकांची एक सरकारी नोंद असते, त्यामुळे असं पत्र एका क्लिकवर निघतं. आपल्याकडे डॉक्टर-वकिलांची कौन्सिल आहे, शिक्षकांची तशी नोंदवही नाही. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला निदान शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता असते, ज्याला सगळे ‘अप्रूव्हल’ म्हणतात. माझ्या शाळेत तेही नाही. म्हणजे मला असा कागद आणायचा होता, जो कुणी कधी दिलेलाच नव्हता.

एका सरकारी कार्यालयात गेले. टेबलावरचे साहेब चांगले होते, हे आधीच सांगते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, हे कुठल्या जीआरनं द्यायचं?” जीआर नव्हता. “मग फॉरमॅट आणा.” फॉरमॅटही नव्हता. पुढच्या वेळी साहेब मीटिंगला, त्याच्या पुढच्या वेळी व्हिडिओ कॉन्फरन्स चालू. दरम्यान मला एक गोष्ट उमगली. पत्र द्यायला त्यांची ना नव्हती. पण ‘शिक्षक म्हणून मान्यता आहे’ असं मोघम वाक्य लिहून पुढं कुणी विचारलं तर आपण अडकू, ही भीती होती, आणि ती रास्त होती. म्हणून मी मागणीच बदलली. कार्यालयाला जे स्वतःच्या दप्तरातून आणि माझ्या कागदांवरून तपासता येईल तेवढंच मागायचं.

घरी बसून मसुदा केला. इंग्रजीत, एका पानाचा. ही व्यक्ती अमुक विद्यापीठाची बी.एड. आहे. ही पदवी राज्यात माध्यमिक वर्गांना शिकवण्यासाठी लागणारी अर्हता आहे. ही व्यक्ती टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर दोन, गणित-विज्ञान गट, उत्तीर्ण आहे. शाळा मान्यताप्राप्त आहे, तिचा यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदक्रमांक, अमुक. शाळेच्या पत्रानुसार या व्यक्तीवर कसलीही शिस्तभंगाची कारवाई नाही, आणि या कार्यालयाकडेही तशी तक्रार नाही. प्रत्येक वाक्याला मागे एक झेरॉक्स, त्यावर परिशिष्टाचा क्रमांक. वर मराठीत विनंतीअर्ज, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह. हे सगळं टपालात दिलं, पोच घेतली.

साहेबांनी मसुदा वाचला, एक शब्द खोडला, “असं असेल तर काय अडचण?” म्हणाले. पत्र निघालं तेव्हा त्यावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, सही आणि सहीखाली नाव-हुद्दा असं सगळं होतं. जावक क्रमांक नसलेलं पत्र घेऊन येऊ नका. उद्या कुणी तिकडून विचारणा केली तर तो आकडाच कार्यालयाला तुमचं पत्र शोधून देतो. आणि पत्र इंग्रजीतच मागा. मराठीत मिळालं तर प्रमाणित भाषांतर करून जोडावं लागतं, तो वेगळा खर्च.

अर्ज गेला की तिकडून आपल्या शाळेला ईमेल जातो. मुख्याध्यापकांनी त्यातल्या दुव्यावर जाऊन मी कधीपासून कधीपर्यंत, काय शिकवलं हे तपासून द्यायचं. आमचे सर ईमेल उघडतच नाहीत. सगळं व्हॉट्सअॅपवर. मी ऑफिसात त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, पण उत्तरं त्यांनीच भरली, मी भिंतीकडे बघत होते. शाळेचा अधिकृत ईमेल पत्ता असेल तर तोच द्या, मुख्याध्यापकांचा घरचा नको.

मग नुसती वाट. मध्ये एकदा एका सत्राची गुणपत्रिका स्पष्ट दिसत नाही म्हणून पुन्हा मागितली. शेवटी मान्यतेचा ईमेल आला आणि सोबत शिक्षक क्रमांक. तो दिवस गड्ड्याच्या जत्रेच्या आसपासचा होता, घरात पाहुणे, तिळगूळ. ईमेल वाचून दाखवला तर मावशी म्हणाली, “म्हणजे नोकरी लागली?” नाही मावशी, आता नोकरी शोधायची.

क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे, व्हिसा तर नव्हेच. तिकडे शिक्षकांना सप्टेंबरपासून नवीन शाळेत जायचं असेल तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणून जागा फेब्रुवारी ते मे या काळात जास्त निघतात. जानेवारीत मान्यता आली ते वेळेवरच झालं. शिक्षकांच्या जागांच्या सरकारी संकेतस्थळावर व्हिसासाठी प्रायोजकत्व देणाऱ्या शाळा वेगळ्या काढता येतात. अर्जात नोकरी-शिक्षणातला प्रत्येक खंड स्पष्ट करावा लागतो. २०२०चे काही महिने मी काय करत होते, हे मला लिहावं लागलं. कोविडमुळे बी.एड.ची सीईटी आणि प्रवेश लांबले होते, एवढंच.

मुलाखतीत पडद्यावरून वीस मिनिटांचा तास घ्यायचा होता, तो बरा झाला. पण खरा प्रश्न नंतरचा. एखादा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नका,’ तर काय कराल? आपल्या बी.एड.मध्ये हे कुणी शिकवत नाही, आणि आपलं मन लगेच म्हणतं, विश्वास ठेवला त्यानं, सांगायचं कशाला. तिथं उत्तर नेमकं आहे : गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि बालसुरक्षेसाठी शाळेनं नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगायचं. यावरचं सरकारी मार्गदर्शन फुकट वाचायला मिळतं, त्याचा पहिला भाग वाचूनच मुलाखतीला बसा. माझ्या मते फिजिक्सपेक्षा त्या उत्तरावर मला नोकरी मिळाली.

ऑफर लेटरवर पगार वर्षाला ३०,००० पौंड होता. २०२४च्या जुलैमध्ये साडेपाच टक्के वाढ जाहीर होऊन तो ३१,६५० झाला. आकडा मोठा दिसतो. पण आधी खर्च बघा. तीन वर्षांच्या व्हिसाची फी तेव्हा ७१९ पौंड, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५, तोही तीन वर्षांचा एकदम. म्हणजे विमानात बसायच्या आधी रुपयांत चार लाखांच्या आसपास गेलेले. माझे आईच्या भिशीतून आणि पतसंस्थेच्या कर्जातून उभे राहिले. एजंटला अडीच लाख देणाऱ्यांना हे चार लाख वेगळे लागतातच, हे कुणी सांगत नाही.

पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्टच्या संकेतस्थळावर होतो, त्यात त्रास नाही. क्षयरोगाची तपासणी मात्र त्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रावरच लागते. गावातल्या कुठल्याही एक्स-रेवाल्याकडून काढून चालत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून मुंबईत करून आले. त्या प्रमाणपत्राची मुदत सहा महिने, म्हणून ते सगळ्यात शेवटी करा.

आता मी यॉर्कशरमधल्या एका शाळेत आहे. अर्जाच्या वेळी माझा अनुभव दोन वर्षांपेक्षा कमी होता, त्यामुळे मला नवशिक्या शिक्षकांचा दोन वर्षांचा इंडक्शन कार्यक्रम लागला. दोन वर्षं भरून आलेल्यांना तो चुकवता येतो आणि बरेच जण तसा सल्ला देतात. मला तो पटत नाही. पहिल्या वर्षी तासिका दहा टक्के कमी, दुसऱ्या वर्षी पाच टक्के, आणि एक अनुभवी शिक्षिका आठवड्याला माझ्याशी बसून बोलते. सोलापुरात मला आठवीच्या साठ मुलांसमोर पहिल्या दिवशी खडू देऊन पाठवलं होतं. भिशीचे पैसे फिटले. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत.