कूलर बंद ठेवून दिलेला लेप

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी शरीरात बसवायच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चिपमधील सिलिकॉनवर जंतुरोधक पॉलिमरचा लेप देण्याचा विषय घेतला. अशा उपकरणावर जिवाणूंची बायोफिल्म, म्हणजे त्यांचा चिकट थर, एकदा जमली की प्रतिजैविकांचा फारसा उपयोग होत नाही आणि बहुतेक वेळा उपकरणच काढावे लागते, एवढे मला ठाऊक होते. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान हे पॉलिमर स्वस्त असल्यामुळे मी तेच निवडले.

पहिल्याच प्रयत्नात यश मिळाले असे मला वाटले. एक टक्का ॲसिटिक आम्लात विरघळवलेले कायटोसान सिलिकॉनच्या तुकड्यावर पसरून वाळवले आणि त्यावर ई. कोलाय जिवाणू सोडले, तर दुसऱ्या दिवशी आगर प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, त्यांची एकही वसाहत नव्हती. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शाबासकी दिली नाही. लेपावर पाण्याचा थेंब ठेवून त्याला पीएच कागद लावायला सांगितले, आणि कागद नारिंगी झाला. जिवाणू बहुधा लेपात अडकून राहिलेल्या आम्लानेच मेले होते. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने लेप उदासीन केला, तेव्हा लेपलेल्या आणि कोऱ्या तुकड्यांत फरक दिसेना. कायटोसानवरील जिवाणूंना मारणारा धन प्रभार साधारण ६.५ पीएचच्या वर ओसरू लागतो आणि रक्ताचा पीएच ७.४ असतो, हे पुस्तकात वाचूनही मी विसरले होते.

म्हणजे प्रभार कायमचा हवा होता आणि लेप पृष्ठभागाला पक्का बांधलेला हवा होता. २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील टिलर, क्लिबानोव आणि सहकाऱ्यांनी काचेला असे पॉलिमर रासायनिक बंधाने जोडून त्यावर पडलेले जिवाणू मरतात हे दाखवले होते. काच काय नि सिलिकॉन काय, वरचा थर ऑक्साइडचाच. मी कायटोसानवर चतुर्थक अमोनियम गट, ज्यांचा धन प्रभार पीएच बदलला तरी जात नाही, बसवले आणि ते सिलिकॉनला जोडण्यासाठी आधी एपीटीईएस या सिलेनचा (ऑक्साइडच्या थराला धरून बसणाऱ्या रसायनाचा) व मग ग्लुटाराल्डिहाइडचा दुवा घेतला.

खरी अडचण सिलेनची निघाली. ते कोरड्या टोल्युइनमध्ये वापरायचे असते, कारण ओलावा जास्त झाला की त्याचे रेणू पृष्ठभागाला जोडले जाण्याऐवजी एकमेकांतच गुंततात. मे महिन्यात विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की मी निर्धास्त होते. तरीही तुकडा उजेडात तिरपा धरला की त्यावर दुधाळ पापुद्रा दिसे. तीन वेळा असे झाल्यावर लक्ष गेले ते खिडकीतल्या कूलरकडे, जो दिवसभर ओल्या वाळ्यातून हवा खोलीत फेकत होता. प्रयोगशाळेतले परिचर भाऊ म्हणाले, "ताई, कूलर बंद केला तं माणसं उकडून मरतीन." आम्ही तो बंद केला, एक्झॉस्ट तेवढा चालू ठेवला, आणि घामाचा थेंब बीकरमध्ये पडू नये म्हणून कपाळाला दुपट्टा बांधून मी काम उरकले. त्या दिवशीचे तुकडे आरशासारखे स्वच्छ निघाले.

जिवाणूंची चाचणी मात्र मे महिन्यात होईना. आमचा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ४२ अंशांवर गेल्यावर आत ३७ अंश राहणार कसे? तुकडे सिलिका जेलच्या डब्यात ठेवून जुलैची वाट पाहिली. तेव्हा वीज वारंवार गेली, दोन चाचण्या वाया गेल्या, पण तिसऱ्या वेळी कोऱ्या तुकड्यांच्या प्लेट वसाहतींनी भरल्या आणि लेपलेल्यांच्या प्लेटवर बोटांवर मोजण्याइतक्याच उमटल्या. या वेळी पीएच कागद मी स्वतःहून लावला, आणि तो नारिंगी झाला नाही.

तोच तुकडा न धुता पुन्हा वापरला, तेव्हा मात्र वसाहती परतल्या, कारण मेलेल्या पेशींचा थर प्रभार झाकून टाकतो. प्रयोगशाळेत तुकडा धुता येतो, शरीरात बसवलेला कोण धुणार, असे मॅडमनी विचारले. जिवाणूंना मुळात चिकटूच न देणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरची जोड आता द्यायची आहे, पण सिलेनचे काम पुन्हा करायचे तर हवा कोरडी होईपर्यंत थांबावे लागेल.