पान 31 आणि 37 हजार

वागळे इस्टेटमध्ये आमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या मालावर पावडरचा थर ओव्हनमध्ये भाजून चढवायचं, छोटं युनिट आहे. रबाळ्याच्या एका पॅनेलवाल्या कंपनीकडे 2023 च्या कामाचे 8 लाख 40 हजार अडकले होते. माल पोचलाय, चलनांवर सह्या आहेत, पैसे द्या, इतका सरळ मामला आहे असं मी धरून चाललो होतो. 2018 मध्ये कमर्शिअल, म्हणजे व्यापारी, दाव्यांची किमान रकमेची मर्यादा 1 कोटीवरून 3 लाखांवर आली, त्यामुळे आमचाही दावा कमर्शिअल. आधी मध्यस्थीला जावं लागतं, तिथे गेलो. समोरून कोणी फिरकलंच नाही. मग ठाण्याच्या कोर्टात दावा लावला.

दाव्यासोबत एक सत्यकथनाचं प्रतिज्ञापत्र असतं. या प्रकरणाशी संबंधित जे जे कागद माझ्या ताब्यात आहेत ते सगळे जोडलेत, दुसरं काही माझ्याकडे नाही, असं त्यात शपथेवर लिहून द्यायचं. कोर्टनाक्यावर रिक्षा थांबवून ठेवून, नोटरीच्या टेबलाशी उभ्या उभ्या मी त्यावर सही ठोकली. त्याआधी वकील मॅडमनी दोनदा विचारलं होतं, "अजून काही कागद? आपल्या बाजूचे असोत की विरुद्ध, सगळे हवेत." मी म्हटलं, "एवढेच आहेत मॅडम."

एवढेच नव्हते. बॅच रजिस्टर होतं.

माल ओव्हनमधून निघून गार झाला की गेज लावून कोटिंगची जाडी मोजायची आणि आकडा रजिस्टरात लिहायचा, ही आमची पद्धत. या ऑर्डरला किमान 60 मायक्रॉन ठरले होते. नऊ बॅचेस गेल्या, त्यातल्या दोहोंपुढे 42 आणि 45 लिहिलंय हे मला माहीत होतं. रजिस्टर दडवायचं असं काही ठरवून केलं नाही. पण ‘आपणहून कशाला दाखवा’ हा विचार मनात नव्हता, असंही म्हणणार नाही.

समोरच्यांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, लिहिलं की कोटिंग पातळ आहे, पापुद्रे निघतात. पाठोपाठ रजिस्टर हजर करण्याची नोटीस. अशा नोटिशीत 7 ते 15 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात कागद द्यायचा, नाहीतर का देता येत नाही ते लिहून द्यायचं. मॅडमनी ती ऐन गणपतीत व्हॉट्सॲपवर पाठवली. मी अंगठा पाठवला आणि आरतीला गेलो. अंगठा दाखवण्याचा आपल्याकडे जो अर्थ आहे, तोच शेवटी खरा ठरला.

मुदत गेली. मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, जानेवारीत शेजारच्या गाळ्यात सामान हलवताना रजिस्टर गहाळ झालं. त्यांनी तसा से, म्हणजे लेखी खुलासा, दाखल केला. तारखेला समोरच्या वकिलांनी आम्हीच बिलासोबत दिलेलं एक टेस्ट सर्टिफिकेट काढलं. खाली बारीक अक्षरांत ‘संदर्भ : बॅच रजिस्टर, पान 31’. आणि तारीख मार्चची.

जज्जसाहेबांनी कागद वाचला, मला पुढे बोलावलं. "जानेवारीत रजिस्टर हरवलं, मग मार्चमध्ये पान 31 कुठे पाहिलंत?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या फाइलकडे पाहत होत्या.

हुकूम झाला : 15 हजार जरबेची कॉस्ट, म्हणजे एक प्रकारचा दंडच, शिवाय या मुद्द्यापुरती समोरच्या वकिलांची फी 22 हजार. रजिस्टर आणि त्या कामाचे व्हॉट्सॲप मेसेज 15 दिवसांत हजर करा, नाहीतर प्रतिकूल अनुमान काढू. बाहेर टपरीवर मॅडमनी चहा हातातच ठेवून समजावलं. प्रतिकूल अनुमान म्हणजे रजिस्टर तुमच्या विरुद्धच असणार असं कोर्ट धरून चालू शकतं. "दोन बॅचेस झाकायला गेलात आणि नऊच्या नऊ घालवाल. आणि त्या सेवर सही माझी आहे, साहेब." साध्या दिवाणी दाव्यात तर डिस्कव्हरीचा, म्हणजे कागद उघड करण्याचा, हुकूम पाळला नाही म्हणून वादीचा दावाच फेटाळता येतो, असंही त्या म्हणाल्या. यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

युनिटवर येऊन आमच्या जुन्या स्टोअरकीपर मामांना विचारलं. "ते होय? पोटमाळ्यावर, पावडरच्या रिकाम्या खोक्यांखाली. शेठ, तुम्हीच तर ठेवायला सांगितलं होतं." रजिस्टर खाली आलं. पान 31 वर फॉस्फेटिंगच्या (कोटिंगआधी धातूवर करायच्या प्रक्रियेच्या) टाकीतल्या पाण्याचा पिवळट डाग आणि सुपरवायझरची निळी शाई. 68, 71, 66... मग 42, 45. बाकीचे सगळे साठच्या वर. मी त्या दोन आकड्यांच्या धाकात इतका होतो की उरलेले सात कधी नीट वाचलेच नव्हते.

मेसेजचं काम त्याहून किचकट निघालं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 खाली दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं : एक आपण द्यायचं, दुसरं तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू डिजिटल ठसा, लिहायची, आमच्या पद्धतीत ती 64 अक्षरांची. कोर्टनाक्यावरच्या टायपिस्टला मी ती वाचून दाखवत होतो, "सात, एफ, शून्य, बी..." आणि त्याने मध्येच ‘डी’च्या जागी ‘बी’ मारला. ते मॅडमच्या ज्युनिअरच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. पुन्हा टाइप, पुन्हा सह्या.

दोन्ही रकमा भरल्या, पावत्यांसोबत पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली. त्या दोन बॅचेसचे 1 लाख 38 हजार दाव्यातून सोडत असल्याचंही लिहून दिलं. हे आधीच केलं असतं तर मॅडमची आणखी चार तारखांची फी तरी वाचली असती.

समोरच्या वकिलांनी पान 31 चा मोबाइलवर फोटो काढला, बोट फिरवत आकडे मोजले. बाहेर पडताना त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "उरलेल्या सातचं काय घेणार?" बोलणी सुरू आहेत.

बायकोला 15 हजारांचं सांगितलंय. 22 चं अजून नाही.