पेट्रोल पंपाची जागा: आधी टेप, मग फाइल

महामार्गालगतच्या शेतजमिनीवर पंपाच्या फायली करता करता मला एक सवय लागली: सातबारा नंतर, आधी मोजायची टेप.

झोन दाखल्यावर (जमीन विकास आराखड्यात कोणत्या विभागात येते ते सांगणारा कागद) ‘शेती विभाग’ आला की जमीनमालक धास्तावतो. उगाच. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियमावलीत शेती विभागात पंप चालतो. दाखल्यात पाहायचं ते सार्वजनिक कामासाठीचं आरक्षण आणि प्रस्तावित रस्ता.

फाइल अडते ती अंतरांवर. आयआरसी 12 (इंडियन रोड्स काँग्रेसचे पंपांसाठीचे निकष) प्रमाणे गावाबाहेर, मैदानी भागात प्लॉट किमान 35 बाय 35 मीटर हवा. सातबाऱ्यावर तो भरतो, जागेवर भरत नाही. रुंदीकरणात पट्टी गेलेली असते, पण कजाप (क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक) झालेलं नसतं. त्यामुळे भूमी अभिलेखची मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आल्याशिवाय मी पुढचा कागद करत नाही.

मोठ्या रस्त्याचा फाटा पंपापासून 300 मीटर दूर हवा. हे अंतर चौकाच्या मध्यापासून धरायचं नाही. फाट्याचं वळण महामार्गाला जिथे मिळतं, तिथून पंपाच्या प्रवेशाचं वळण लागतं तिथपर्यंत मोजायचं. दोन्ही टोकांची वळणं वजा झाली की चौक ते प्लॉटचा कोपरा असे मोजलेले 310 मीटर सहज तीनशेच्या आत येतात. शिवाय आत येताना 70 मीटर आणि बाहेर पडताना 100 मीटरची लेन, रुंदी 5.5 मीटर. ही प्लॉटबाहेर, रस्त्याच्या हद्दीत येते. तिथे शेजाऱ्याच्या बांधासमोरचा नाला किंवा विजेचे खांब आले की मोरीचा आणि खांब हलवण्याचा खर्च वाढतो.

शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी विभाग यांच्यापासून 50 मीटर, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जानेवारी 2020 चा निकष. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून 30 पर्यंत, त्याखाली अजिबात नाही. मोजायचं कुंपणापासून नव्हे. फिल पॉइंट (टाकी भरायचं तोंड), डिस्पेन्सर (गाडीत इंधन भरायचं यंत्र) आणि व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप) यांपैकी जे जवळ असेल तिथून. इथे वाव मिळतो: व्हेंट मागच्या कोपऱ्यातून बाजूला सरकवला की नाकारलेली जागाही बसते. प्लॉटवरून उच्चदाबाची तार जात असेल तर मात्र नाद सोडावा.

जिल्हाधिकाऱ्यांची ना हरकत पेट्रोलियम नियम 2002 च्या नियम 144 खाली मिळते, नकाशाच्या प्रतीवर शेऱ्यासह. व्हेंटची जागा बदलायची तर त्याआधीच.