काजूवरच्या ओंबिली

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांविषयी, स्नेहसंमेलनांविषयी आणि जुन्या कौलारू इमारतीविषयी पुष्कळ जण लिहितील. मला मात्र मैदानाच्या कडेच्या काजूंवरील ओंबिलींविषयी, म्हणजे पाने जोडून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांविषयी, लिहायचे आहे, कारण जीवशास्त्राची गोडी मला त्यांनी लावली.

आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या सरांचा दंडक होता की, कीटक डबीत भरून वर्गात आणायचा नाही, तो राहतो तेथे आपण जायचे. त्यामुळे त्यांचे कितीतरी तास काजूखाली झाले, अर्थात फांद्यांपासून अंतर राखून. त्याचे कारण कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको. ओंबील नुसती चावत नाही, चावलेल्या जागी पोटातले फॉर्मिक आम्लही सोडते.

पण तिचे घर बांधणे पाहावे! दोन पाने जवळ आणण्यासाठी कामकरी मुंग्या एका पानाच्या कडेवर रांगेने उभ्या राहतात आणि दुसरे पान जबड्यांत धरून ओढतात. अंतर जास्त असेल तर एक दुसरीची कंबर धरते आणि मुंग्यांची साखळीच तयार होते. पाने जुळली की ती सांधायला रेशीम लागते, आणि ते प्रौढ मुंगीजवळ नसते, अळीजवळ असते. म्हणून काही कामकरी मुंग्या अळ्यांना जबड्यात हलकेच धरून आणतात आणि विणकराच्या धोट्याप्रमाणे या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. रेशीम असे घरासाठी खर्ची पडल्यामुळे या अळ्या स्वतःभोवती कोश विणत नाहीत. हे ऐकून एका मुलीने विचारले होते, “म्हणजे सर, इथे पोरांनाच कामाला लावतात?” सरांनी गंभीरपणे “होय” म्हटले आणि पुढे शिकवू लागले.

गावातले बागायतदार ही घरटी जाळत असत. वस्तुतः काजूच्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषणाऱ्या ‘ढेकण्या’ या किडीचा बंदोबस्त ओंबिली करतात. दक्षिण चीनमध्ये तर संत्रावर्गीय बागांच्या राखणीसाठी त्यांची घरटी फार पूर्वीपासून बाजारात विकली जात. तरीही सगळा हिशेब त्यांच्या बाजूने मांडता येत नाही, कारण गोड स्रावाच्या लोभाने त्या पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या रस शोषणाऱ्या किडींना सांभाळतात, आणि ते झाडाच्याच मुळावर येते. सरांनी या दोन्ही बाजू आम्हाला सांगितल्या, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मी घरी वडिलांना घरटी न जाळण्याची विनंती केली. “बिया काढायला तू चढणार असशील तर राहू देत,” असे ते म्हणाले. त्या हंगामापासून आम्ही झाडावर चढणे सोडून खाली पडलेली बोंडे वेचू लागलो, आणि बी पूर्ण पिकलेली मिळते म्हणून वडिलांनी तीच पद्धत पुढे चालू ठेवली.