तुम्ही विचारलंत म्हणून: वल्ह्याचीच होडी का?

"मोटारबोटीतून अर्ध्या तासात सगळे दाखवून आणतात, मग तुम्ही वल्ह्याच्या होडीत तीन-तीन तास का घालवता?" हा प्रश्न गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत मला हमखास विचारला जातो. फेरी पलीकडे लागेपर्यंत उत्तर पुरे होत नाही, म्हणून इथे लिहितो.

चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला मांडवी नदीकाठी सुमारे १७८ हेक्टरांचे डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे निघण्याची वेळ ओहोटी ठरवते, आणि ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे मी तिथी पाहूनच बेत आखतो. पाणी उतरू लागले, की तिवरांभोवतीची पेन्सिलीएवढी, हवा घेणारी मुळे उघडी पडतात, चिखलावर निवटे मासे परांच्या आधाराने सरपटू लागतात, खेकडे बिळांतून बाहेर येतात आणि या मेजवानीसाठी बगळे, तुतवार, खंड्या काठाला उतरतात. तिवराचे पान बोटाने पुसून जिभेला लावा. झाडाने बाहेर टाकलेले मीठ लागते.

इंजिनाचा आवाज आला, की हे सारे आधीच पांगते. एकदा वल्हे मांडीवर आडवे ठेवून मी होडी ओढीवर सोडून दिली होती. जेमतेम चार हातांवर काळ्या डोक्याचा खंड्या फांदीवर येऊन बसला. लालभडक चोचीत खेकडा होता. त्याने तो फांदीवर इतक्या वेळा आपटला, की पाय एकेक करून तुटून पाण्यात पडले. उरलेला तुकडा गिळून तो बराच वेळ तिथेच बसून राहिला. त्याच्या पाठीचा तो जांभळट निळा रंग मी तेवढ्या जवळून पहिल्यांदा पाहिला.

मांडवी आणि जुवारी नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, म्हणून तिथे मी जाणत्या नावाड्याशिवाय जात नाही. ही मगर एरवी गोड्या पाण्यातली, पण इथे ती मचूळ पाण्यात राहते. काही गावांत पौष अमावास्येला मानगे थापणी करतात, म्हणजे चिखलाची मगर घडवून पुजतात. खाजन शेतीचे, म्हणजे खारे पाणी अडवून केलेल्या शेतीचे, बांध सांभाळणाऱ्या लोकांनी तिला असा मान दिला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. त्याच बांधांवर वेगवान बोटींच्या लाटा आदळतात आणि माती सुटते, तेव्हा जीव तुटतो.

एका सकाळी काठावर ऊन खात पडलेली मगर दिसताच आमच्या नावाड्याने न बोलता वल्हे उचलून धरले, आणि आम्ही पलीकडच्या काठाने तसेच वाहत पुढे गेलो. ती जागची हलली नाही.